१९८८चं पुस्तक चालतं, मग २०१८चं का नाही?

प्रश्न : मी बी.एस्सी. कॉम्प्युटर सायन्सच्या दुसऱ्या वर्षाला आहे. वेब डेव्हलपमेंट शिकायचं ठरवलंय. आमच्या सरांनी सी भाषा पक्की करायला १९८८ सालची आवृत्ती असलेलं एक पुस्तक सुचवलं. पुण्याला गेले होते तेव्हा अप्पा बळवंत चौकात रिॲक्टचं २०१८चं पुस्तक निम्म्या किमतीत मिळत होतं. मावसबहीण याच क्षेत्रात नोकरी करते. तिला फोन केला, तर म्हणाली, "फुकट दिलं तरी घेऊ नकोस, कधीच जुनं झालंय ते." माझ्या जन्माच्याही कितीतरी आधीचं पुस्तक चालतं आणि मी शाळेत असतानाचं चालत नाही, हे काय गौडबंगाल आहे? अशानं पुस्तकं निवडायची तरी कशी?
– एक विद्यार्थिनी, कराड

उत्तर : तुमचे सर आणि तुमची मावसबहीण, दोघांचंही म्हणणं बरोबर आहे. पुस्तक जुनं झालं की नाही हे नुसत्या सालावरून कळत नाही. ज्या विषयावर ते लिहिलंय तो विषय किती वेगानं बदलतो, हे आधी बघावं लागतं.

सरांनी सुचवलेलं पुस्तक बहुधा ब्रायन कर्निघन आणि डेनिस रिची यांचं 'द सी प्रोग्रॅमिंग लँग्वेज' असावं. जाणकार त्याला लेखकांच्या आद्याक्षरांवरून 'के अँड आर' म्हणतात. यातले रिची हे सी भाषेचे कर्तेच. पहिली आवृत्ती १९७८ची, दुसरी १९८८ची. तिसरी निघालीच नाही. सीचं अमेरिकी प्रमाणीकरण तेव्हा पूर्ण होत आलं होतं आणि दुसरी आवृत्ती त्या नव्या प्रमाण सीला धरून लिहिली गेली. त्यानंतर भाषेचं मानक अनेकदा सुधारलं, पण ॲरे, पॉइंटर, स्ट्रक्चर, लूप हा तिचा सांगाडा तसाच राहिला. म्हणून पावणेतीनशेच्या आत पानं असलेल्या त्या पुस्तकातले बहुतेक प्रोग्रॅम किरकोळ फेरफारानं आजच्या कंपायलरवरही चालतात.

त्यातही एखादा दात पडलेला आहे. कीबोर्डवरून ओळ वाचणारं 'गेट्स' नावाचं फंक्शन या पुस्तकात सापडतं. आलेली ओळ आपल्या जागेत मावते का, हे ते बघतच नाही. जास्तीची अक्षरं शेजारच्या मेमरीवर सांडतात. दुसरी आवृत्ती आली त्याच वर्षी, नोव्हेंबर १९८८मध्ये, 'मॉरिस वर्म' हा प्रोग्रॅम इंटरनेटवर पसरला. त्यानं घुसायला वापरलेल्या वाटांपैकी एक वाट याच फंक्शननं उघडी ठेवली होती. अखेर २०११च्या मानकातून 'गेट्स' काढून टाकलं गेलं. एवढ्या वर्षांत एका पुस्तकातून ठळकपणे गळालेल्या गोष्टी हाताच्या बोटांवर मोजता येतात, म्हणून सर ते अजून वाचायला सांगतात.

आता रिॲक्टकडे या. वेबपानं घडवण्याचं हे अवजार फेसबुकनं २०१३मध्ये सर्वांसाठी खुलं केलं. २०१८पर्यंतच्या पुस्तकांत, पानाच्या ज्या भागाला स्वतःची माहिती लक्षात ठेवायची आहे तो 'क्लास' वापरून लिहायला शिकवत. फेब्रुवारी २०१९मध्ये 'हुक्स' आले आणि तेच काम साध्या फंक्शनमध्ये होऊ लागलं. क्लास आजही चालतात, पण नवं काम कोणी तसं सुरू करत नाही. त्याहून मोठी अडचण पहिल्याच प्रकरणात येते. लिहिलेलं पान ब्राउझरमध्ये दाखवणारी 'रिॲक्टडॉम डॉट रेंडर' ही ओळ २०२२मध्ये जुनी ठरवली गेली आणि डिसेंबर २०२४च्या एकोणिसाव्या आवृत्तीत काढूनच टाकली. नवा प्रोजेक्ट उभा करायला त्या काळची पुस्तकं 'क्रिएट रिॲक्ट ॲप' वापरायला सांगत. नव्या कामासाठी ते वापरू नका, असं २०२५च्या फेब्रुवारीत खुद्द रिॲक्टच्या टीमनंच जाहीर केलं.

म्हणजे ते पुस्तक उघडून, त्यात लिहिलंय तसं अक्षरन् अक्षर टाइप करूनही पहिल्याच संध्याकाळी एरर येणार. कामात मुरलेला माणूस ती एरर पाहून म्हणेल, 'पुस्तक जुनं आहे,' आणि पुढे जाईल. नवशिक्याला मात्र चूक आपली की पुस्तकाची हेच कळत नाही. तो बिचारा स्वतःलाच ढ समजून विषय सोडून देतो. शिळ्या पुस्तकाचा खरा तोटा हा आहे. वाया गेलेले पैसे त्यापुढे किरकोळ.

तेव्हा खरेदीआधी विषयाचे तीन थर पाडा. सगळ्यात खालचा थर सावकाश बदलतो. त्यात येतात डेटा स्ट्रक्चर, अल्गोरिदम, सीचा गाभा, ब्राउझर आणि सर्व्हर यांच्यातला एचटीटीपीचा व्यवहार, आणि डेटाबेसची एसक्यूएल भाषा. आयबीएममधल्या एडगर कॉड यांनी तक्त्यांच्या रूपात माहिती ठेवण्याची कल्पना १९७०मध्ये मांडली, त्यावर डोनाल्ड चेंबरलिन आणि रेमंड बॉइस यांनी १९७४मध्ये भाषा रचली. आज तुमच्या प्रॅक्टिकलमध्ये 'सिलेक्ट' लिहून दोन तक्ते जोडता, ते त्याच घराण्यातलं. या थरावरचं चांगलं पुस्तक जुनं, वापरलेलं, कुणी वाढदिवसाला दिलेलं, कसंही चालतं.

मधला थर भाषांचा. जावास्क्रिप्ट, पायथन, पीएचपी, जावा आणि पानाची मांडणी करणारी सीएसएस या बदलतात, पण एकदम कात टाकत नाहीत. इथे पुस्तक जरूर घ्यावं, मात्र आवृत्ती तपासून. सगळ्यात वरचा थर फ्रेमवर्क आणि अवजारांचा. त्यावर छापील पुस्तक घेणं म्हणजे एसटीचं वेळापत्रक पुठ्ठ्याच्या बांधणीत विकत घेण्यासारखं आहे. त्यासाठी त्या-त्या फ्रेमवर्कची स्वतःची अधिकृत माहिती वाचावी. ती फुकट असते आणि आजची असते.

हा भेद पुस्तकं लिहिणाऱ्यांनीही मान्य केलाय. डेव्हिड फ्लॅनागन यांचं 'जावास्क्रिप्ट : द डेफिनिटिव्ह गाइड' हे मुखपृष्ठावर गेंडा असलेलं पुस्तक १९९६पासून निघतंय. २०११ची सहावी आवृत्ती हजार पानांच्या वर होती. २०२०ची सातवी सातशेच्या आसपास आली. भाषा मधल्या काळात वाढली आणि पुस्तक घटलं, कारण एकेका फंक्शनची सविस्तर यादी देणारा मागचा मोठा भाग लेखकानं काढून टाकला. ती माहिती ऑनलाइन चटकन आणि ताजी मिळते, मग कागदावर कशाला, असा त्यांचा विचार. भाषा समजावून सांगण्याचं काम तेवढं पुस्तकाकडे ठेवलं.

प्रश्न : दुकानात उभ्या उभ्या पुस्तक ताजं की शिळं हे ओळखता येतं का? दुकानदार 'नवीन आहे' एवढंच सांगतो.
– एक डिप्लोमा विद्यार्थी, सांगली

उत्तर : येतं, आणि त्यासाठी विषय आधी येत असण्याची गरज नाही. सुरुवातीला जिथे प्रकाशकाचा पत्ता आणि हक्कांची सूचना छापलेली असते, ते पान उघडा. तिथे 'आवृत्ती' आणि 'पुनर्मुद्रण' अशा दोन वेगळ्या नोंदी असतात. २०२३चं पुनर्मुद्रण म्हणजे कागद आणि शाई २०२३ची. आवृत्ती २००९ची असेल तर मजकूरही २००९चाच. दुकानदार खोटं बोलत नसतो, त्याच्याकडे माल खरंच नवीन आलेला असतो.

मग मधलं कुठलंही पान उघडून भाषेप्रमाणे एकेक खूण शोधा. जावास्क्रिप्टमध्ये व्हेरिएबल घोषित करायला सगळीकडे 'व्हार'च दिसतंय आणि 'लेट' किंवा 'कॉन्स्ट' कुठेच नाही, तर मजकूर २०१५च्या आधीचा. त्या वर्षीच्या मानकानं भाषेत मोठी भर घातली आणि तेव्हापासून दरवर्षी जूनच्या सुमारास थोडी थोडी भर पडते.

पायथनमध्ये 'प्रिंट'नंतर कंस नसेल तर ते पायथन २. त्याची देखभाल १ जानेवारी २०२०पासून थांबली आहे. कंसाची चूक निदान एरर देऊन सांगते तरी; भागाकार मात्र गुपचूप फसवतो. पायथन २मध्ये सातला दोननं भागलं तर उत्तर तीन, पायथन ३मध्ये साडेतीन. जुन्या पुस्तकातलं उदाहरण चालतंही आणि उत्तर वेगळं येतं.

पीएचपीचं पुस्तक असेल तर डेटाबेसचं प्रकरण काढा. तिथल्या फंक्शनांची नावं नुसत्या 'मायएसक्यूएल'नं सुरू होत असतील तर पुस्तक परत ठेवा. हा फंक्शनांचा संच २०१३मध्ये जुना ठरवला गेला आणि डिसेंबर २०१५च्या पीएचपी ७मधून काढून टाकला. आता 'मायएसक्यूएलआय' किंवा 'पीडीओ' वापरतात. यात सुरक्षेचाही प्रश्न आहे. जुनी पुस्तकं फॉर्ममध्ये भरलेला मजकूर थेट क्वेरीत चिकटवायला शिकवत. असा चिकटवलेला मजकूर कुणी मुद्दाम वाकडा लिहिला तर तो सगळा डेटाबेस वाचू किंवा पुसू शकतो. भरलेला मजकूर क्वेरीपासून वेगळा ठेवणारं 'प्रिपेअर्ड स्टेटमेंट' शिकवणारं पुस्तक ही चूक होऊ देत नाही.

सीएसएसच्या पुस्तकात 'फ्लेक्सबॉक्स' आणि 'ग्रिड' यांची स्वतंत्र प्रकरणं हवीत. ग्रिड क्रोम, फायरफॉक्स आणि सफारीत २०१७च्या मार्चमध्ये एकापाठोपाठ आलं. त्याआधी 'फ्लोट'च्या कसरतींनी रकाने मांडावे लागत. जॉन डकेट यांचं एचटीएमएल-सीएसएसवरचं रंगीत पुस्तक अनेकांना आवडतं आणि एचटीएमएलची ओळख करून द्यायला ते आजही गोड आहे. पण ते २०११चं आहे. त्यातलं पानाच्या मांडणीचं प्रकरण सोडून द्या आणि तेवढा भाग नव्या ठिकाणी शिका.

प्रश्न : माझ्या मोठ्या भावाचं 'लेट अस सी' घरात आहे. तेच वापरू की नवीन घेऊ?
– एक विद्यार्थी, वर्धा

उत्तर : नागपूरच्या यशवंत कानेटकरांनी या पुस्तकानं भारतातल्या कितीतरी इंजिनीअरांना सी शिकवली. भाषा सोपी, उदाहरणं भरपूर, प्रकरणाअखेर सरावाचे प्रश्न. समजावून सांगण्याची ही हातोटी जुनी होत नाही. भावाच्या प्रतीत पाहायचं ते एवढंच, की उदाहरणं टर्बो सीवर बेतलेली आहेत का.

टर्बो सी हा बोर्लंड कंपनीचा १९८७चा कंपायलर, डॉसवर चालणारा. त्यात इंटिजर दोन बाइटचा, म्हणून त्याची मर्यादा उणे ३२,७६८ ते ३२,७६७. आजच्या नेहमीच्या कंपायलरवर तो चार बाइटचा असतो आणि वरची मर्यादा २१४ कोटींच्या पुढे जाते. पुस्तकात 'ओव्हरफ्लो' दाखवणारं उदाहरण तुमच्या मशीनवर ओव्हरफ्लो होणारच नाही. 'कोनिओ डॉट एच' ही हेडर फाइल आणि तिच्यातलं स्क्रीन पुसणारं फंक्शनही सीच्या मानकाचा भाग नाही. लिनक्समध्ये जीसीसी या मोफत कंपायलरवर ते सापडणार नाही. हे दोन-तीन फरक लक्षात ठेवता येत असतील तर भावाची प्रत वापरा. प्रत्येक एररला अडखळायला होत असेल तर अलीकडची आवृत्ती घ्या. परीक्षेसाठी कॉलेज अजून टर्बो सीच चालवत असेल, तरी घरच्या सरावाला जीसीसी ठेवा.

प्रश्न : खिशात फार पैसे नाहीत. वेब डेव्हलपमेंटसाठी कमीत कमी किती पुस्तकं लागतील? मराठीतून काही आहे का?
– एक वाचक, धाराशिव जिल्ह्यातून

उत्तर : कागदावरचं एकही पुस्तक न घेता सुरुवात करता येते. या क्षेत्रातली काही उत्तम पुस्तकं लेखकांनी स्वतःच ऑनलाइन मोफत वाचायला ठेवली आहेत, चोरून उतरवायची गरज नाही. मारेन हावरबेके यांच्या 'एलोक्वंट जावास्क्रिप्ट'ची चौथी आवृत्ती २०२४ची. वाचता वाचता पानावरचा कोड तिथेच बदलून चालवता येतो. पहिली काही प्रकरणं सावकाश जातात, पुढे वेग वाढतो. तिथे अडलात तर दुसऱ्या सोप्या साधनाकडे वळा आणि परत या. काइल सिम्प्सन यांची 'यू डोन्ट नो जेएस' ही मालिका त्यानंतरची. भाषा थोडी येऊ लागल्यावर 'हे असं का चालतं' असा प्रश्न पडतो, तेव्हा वाचायची. पायथनसाठी ॲलन डाउनी यांचं 'थिंक पायथन' आणि अल स्वायगर्ट यांचं 'ऑटोमेट द बोरिंग स्टफ विथ पायथन'. कोडचा हिशेब ठेवणाऱ्या गिटसाठी स्कॉट चेकन आणि बेन स्ट्रॉब यांचं 'प्रो गिट'. एचटीएमएल आणि सीएसएससाठी मोझिलाचं एमडीएन हे संकेतस्थळ. त्यात नवशिक्यांसाठी क्रमवार धडे आहेत.

पैसे खर्च करायचे झाले तर एकाच छापील पुस्तकावर करा, आणि ते तुम्ही रोज वापरणार असाल त्या भाषेचं घ्या. निवडताना तीन जाती वेगळ्या ओळखा : हात धरून शिकवणारं, संदर्भासाठी चाळायचं, आणि येणाऱ्याला खोलात नेणारं. पुष्कळ जण जाडजूड संदर्भग्रंथ शिकायला घेतात आणि साठाव्या पानावर थांबतात. डग्लस क्रॉकफर्ड यांचं 'जावास्क्रिप्ट : द गुड पार्ट्स' बारीक दिसतं म्हणून सोपं वाटतं, पण २००८चं ते पुस्तक ज्याला भाषा येते त्यानं कुठला भाग टाळावा याविषयी आहे. 'के अँड आर'सुद्धा वाचकाला प्रोग्रॅमिंगची तोंडओळख आहे असं धरूनच चालतं.

इंग्रजी प्रकाशकांच्या भारतीय आवृत्त्या बऱ्याच स्वस्त पडतात. ओरायलीची पुस्तकं मुंबईचे श्रॉफ पब्लिशर्स इथे छापतात, तेव्हा परदेशी किंमत पाहून घाबरू नका. फुटपाथवरच्या चोरट्या छपाईपासून मात्र लांब राहा. कादंबरीत एखादा स्वल्पविराम पुसट असला तरी वाचता येतं. कोडमध्ये अर्धविरामाच्या जागी अपूर्णविराम दिसला, किंवा एकचा आकडा आणि 'एल' हे अक्षर सारखंच उमटलं, तर प्रोग्रॅम चालत नाही.

मराठीतून शिकायचं तर आयआयटी मुंबईचा 'स्पोकन ट्युटोरियल' प्रकल्प पाहा. त्यांच्या छोट्या ध्वनिचित्रफितींमध्ये पडद्यावरचा कोड इंग्रजीत आणि निवेदन मराठीत, अशी सोय बऱ्याच विषयांसाठी आहे आणि सगळं मोफत आहे. कल्पना मराठीत समजून घ्या, पण एरर मेसेज आणि अधिकृत माहिती इंग्रजीतच येणार. म्हणून पहिल्या महिन्यापासून दोन्ही समांतर चालू ठेवा. लागणारं इंग्रजी मर्यादित आणि त्याच त्याच शब्दांचं असतं.

प्रश्न : आता एआयला विचारलं की तो कोडच लिहून देतो. मग पुस्तकं हवीत कशाला?
– एक पालक, ठाणे

उत्तर : विचारायचं काय हे माहीत असेल तर एआय उत्तम सोबती आहे. पुस्तकातला न कळलेला परिच्छेद सोप्या मराठीत सांग, माझी एरर कुठे आहे ते दाखव, आणखी दोन उदाहरणं दे. यासाठी तो जरूर वापरावा. पण क्वेरीत थेट चिकटवलेला मजकूर धोकादायक असतो हे ज्याला ठाऊकच नाही, तो त्याबद्दल विचारणार कसा? चांगला लेखक ठरवतो की आधी हे, मग ते, आणि इथे वाचक चुकणार म्हणून इथे थांबायचं. हा क्रम पुस्तकातून मिळतो. शिवाय एआय जुन्या आणि नव्या दोन्ही काळांतल्या मजकुरावर पोसलेला असल्यामुळे कालबाह्य पद्धतीचा कोडही तितक्याच आत्मविश्वासानं देऊ शकतो. वरच्या खुणा त्याच्या उत्तरालाही लावून बघा.

मुलानं पुस्तक नीट वाचलं का, हे तपासायची सोपी युक्ती म्हणजे प्रकरणातलं एक उदाहरण घ्यायचं आणि म्हणायचं, "यात एक गोष्ट बदलून दाखव." वस्तूंची यादी छापणारा प्रोग्रॅम असेल तर किमतीप्रमाणे क्रम लावायला सांगा. जमलं तर प्रकरण झालं. नाही जमलं तर पानं नुसती उलटली गेली.

प्रश्न : आमच्या वाचनालयात कॉम्प्युटरच्या जुन्या पुस्तकांचं एक पूर्ण कपाट आहे. जागा करायची आहे. काय ठेवावं, काय काढावं?
– एक ग्रंथपाल, फोंडा

उत्तर : तोच तीन थरांचा नियम लावा. अल्गोरिदम, डेटा स्ट्रक्चर, एसक्यूएल, नेटवर्किंगची मूलतत्त्वं, ऑपरेटिंग सिस्टिमची तत्त्वं यांवरची पुस्तकं जुनी असली तरी ठेवा. भाषांच्या पुस्तकांपैकी प्रत्येक भाषेची सर्वांत नवी आवृत्ती ठेवा आणि बाकीच्या काढा. पायथन २ आणि जुन्या पीएचपीची पुस्तकं तर नक्कीच. एखाद्या सॉफ्टवेअरच्या ठरावीक आवृत्तीवरची किंवा फ्रेमवर्कवरची पाच वर्षांपूर्वीची पुस्तकं निःशंक रद्दीत द्या. ती कपाटात राहिली तर एखादा होतकरू मुलगा ती घरी नेईल आणि महिनाभर चुकीच्या वाटेनं जाईल. ठेवलेल्या प्रत्येक पुस्तकाच्या पहिल्या पानावर एक चिठ्ठी डकवा : आवृत्ती कोणत्या सालची, भाषेची कोणती व्हर्जन शिकवली आहे, आणि कुठलं प्रकरण सोडून द्यायचं. गावात या क्षेत्रात काम करणारं कुणी ना कुणी असतंच. एका रविवारी त्यांना बोलावून घेतलंत तर अख्ख्या कपाटाच्या चिठ्ठ्या लिहून होतील.